गायकवाड घराण्याच्या गमतीजमती हव्यात (बकिंगहॅमच्या चौपट सोडून)

दांडियाबाजारची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा एक संध्याकाळ क्विझ ठेवलीय, विषय गायकवाड घराणं, आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय कारण मी कमिटीच्या मीटिंगला उशिरा पोचले आणि तोवर ठरून गेलं होतं. निम्मी सोसायटी मराठी, निम्मी गुजराती, समोर बसणार दुसरी-तिसरीतली पोरं आणि त्यांचे आजोबा, त्यामुळे प्रश्न असे हवेत की दोघांनाही मजा आली पाहिजे. सनावळ्या विचारून कोणाला झोपवायचं नाहीये.

माझ्याकडे आत्ता एवढंच आहे: कवळाण्याहून आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला (हेच पुढचे सयाजीराव महाराज) विचारलं इथे कशाला आलास, तर तो म्हणाला राज्य करायला. ही गोष्ट बडोद्यात सगळ्यांना पाठ. मल्हाररावांची सोन्याची तोफ, तीही सगळ्यांना पाठ. आणि आपला लक्ष्मी विलास राजवाडा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट, हे तर रिक्षावालासुद्धा सांगतो. एवढ्यावर दीड तास कसा काढू? जुनं चालेल, आत्ताच्या पिढीचं चालेल, फक्त खरं हवं, कारण आमच्याकडे एक काका आहेत ते प्रत्येक उत्तराला "पुरावा?" म्हणून उभे राहतात.

मांडवीचा_बोका
ताई, चौपटवाला प्रश्न ठेवाच, पण उलटा फिरवून. नेटवर लक्ष्मी विलासचं क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट असं सापडेल आणि त्याच्याच शेजारी बकिंगहॅमचं ८,२८,८२१. आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढा आणि ७०० ला ४३,५६० ने गुणा (एका एकरात तेवढे चौरस फूट असतात). बरोब्बर तोच आकडा येईल, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे कोणीतरी महाशयांनी आपल्याकडचं ७०० एकराचं अख्खं आवार मोजलं, त्यात बाग आली, गोल्फचं मैदान आलं, मोतीबाग आली, नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) आली, आणि लंडनवाल्यांचं फक्त बांधकाम मोजलं. आणि गंमत बघा, ह्या हिशेबाने चौपट नाही तर जवळजवळ सदतीसपट यायला हवं! म्हणजे चौपट म्हणणाऱ्यांनी हा भागाकारही करून बघितला नाहीये. पोरांना कागद-पेन द्या आणि तिथेच करायला लावा, पुरावावाले काकाच सगळ्यात खूष होतील.

राजवाडा लहान आहे असं माझं म्हणणं नाही हां, नाहीतर लगेच मारायला उठतील सगळे. १८७८ ला काम सुरू झालं ते १८९० पर्यंत चाललं. नकाशे मेजर चार्ल्स मँटचे, तो १८८१ लाच वारला आणि पुढचं रॉबर्ट चिझमने पुरं केलं. ह्यावरून एक गोष्ट सांगतात की मँटला आपला हिशेब चुकला, वाडा कोसळणार असं वाटलं आणि त्याने जीव दिला. लोक फार चवीने सांगतात, पण पोरांसमोर नको आणि खात्रीची तर मुळीच नाही. २००१ चा भूकंप झाला तरी वाडा जागेवर आहे, एवढं सांगितलं की पुरे.

सेवउसळ_तरी_जास्त
पोपट!! पोपटांचा प्रश्न घ्या. राजवाड्यात शिकवलेले पोपट होते, ते चांदीच्या इवल्याशा सायकली चालवायचे, तारेवरून चालायचे आणि शेवटी एक पोपट चांदीची चिमुकली तोफ उडवायचा. जयपूरच्या गायत्रीदेवींनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय, त्या सयाजीरावांच्या नात, इंदिराराजेंची मुलगी, म्हणजे बडोदं त्यांचं आजोळ. काकांना पुरावा म्हणून तेच दाखवा. विचार करा, आपण आजोळी गेलो की फार तर कैरी मिळायची.

आणि मोत्यांचा गालिचा विसरू नका. मल्हाररावांचे थोरले भाऊ खंडेराव महाराज, त्यांनी करवला, बसऱ्याचे बारीक मोती, लाखांनी लावलेत, मधे हिरे, पाचू, माणकं. आणि हा कशासाठी, तर मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालायला, असं सांगतात. एक मराठा हिंदू राजा मदिनेसाठी गालिचा करवतो, हे आजोबा लोकांना विचारा, अर्ध्यांना माहीत नसेल. १८७० ला खंडेराव गेले आणि गालिचा घरातच राहिला, मग पुढे सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव महाराज, त्यांच्या पत्नी सीतादेवींबरोबर पार मोनॅकोला गेला आणि २००९ ला दोह्यात लिलावात निघाला, ५४ लाख डॉलरच्या वर गेला म्हणे. मदिनेला जायचा तो कतारपर्यंत तरी पोचला.

सीतादेवींवरून आठवलं, त्यांच्या पायातले पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने विकत घेतले, त्याचा हार केला आणि तो डचेस ऑफ विंडसरने (इंग्लंडची गादी सोडलेल्या एडवर्डची बायको) घेतला. १९५७ ला एका पार्टीत डचेस तो हार घालून आली, सगळे वाहवा करतायत, आणि समोर सीतादेवी उभ्या! त्या म्हणाल्या म्हणे की हे माझ्या पायात होते तेव्हाही असेच छान दिसायचे. डचेसने हार परत करून टाकला. हे विचाराल तर बायका टाळ्या वाजवतील, गॅरंटी.

रिटायर्ड_लोको
पोपट ठीक आहेत, दागिने ठीक आहेत, पण बडोद्याची खरी गंमत रेल्वेत आहे आणि ती कोणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली म्हणून म्हणत नाहीये (म्हणूनच म्हणतोय, चला).

भारतातली पहिली नॅरोगेज (अरुंद रुळांची रेल्वे) कुठली, तर आपली डभोई ते मियागाम, १८६२, खंडेरावांच्या काळात. आणि ती ओढायला काय होतं? बैल! रूळ इतके हलके टाकलेले की इंजिनाचं वजन झेपेना, मग डब्यांना बैल जोडले. नंतर मजबूत रूळ घालून १८७३ पासून इंजिन नियमित धावायला लागलं. पोरांना विचारा, गायकवाडांची पहिली गाडी कोळशावर चालायची की पाण्यावर, सगळे कोळसा म्हणून ओरडतील, मग सांगा कडब्यावर. पुढे ह्याच डभोईला नॅरोगेजचं एवढं मोठं जंक्शन झालं की जगभरचे रेल्वेवेडे बघायला यायचे.

दुसरं, राजवाड्याच्या आवारात आता जे महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे ना, रविवर्म्याची चित्रं आहेत ते, ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. आणि मुलांना वाड्यातून शाळेत न्यायला आवारातच आंब्याच्या झाडांमधून छोटी रेल्वे घातलेली होती. आमच्या नातवाची स्कूलव्हॅन रोज वीस मिनिटं उशिरा येते त्याच्यापेक्षा हे बरं. ते छोटं इंजिन नंतर कमाटीबागेत लोकांच्या पोरांना फिरवायचं, आता म्युझियमपाशी उभं आहे, फोटो काढून आणा आणि स्क्रीनवर दाखवा.

आणि तिसरं ऐका. घराण्याने रेल्वेला जसं दिलं तसं रेल्वेने घराण्याचं बरंच घेतलं. लालबागेतला प्रताप विलास पॅलेस, तिथे रेल्वेच्या अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग चालतं. दिल्लीतलं बडोदा हाऊस, जे ल्यूटेन्सने बांधलं, तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. मकरपुऱ्याचा वाडा तेवढा एअरफोर्सकडे गेला, नाहीतर तिथेही आम्ही बुकिंग ऑफिस काढलं असतं.

ग्वाल्हेरवाले आपल्या चांदीच्या ट्रेनचं फार कौतुक सांगतात, ती जेवणाच्या टेबलावर फिरते. आमची पोरांना शाळेत सोडायची!

लष्करातला_बिनलष्करी
ओ लोको काका, ग्वाल्हेरचं नाव काढलंत म्हणून आलो. आमची ट्रेन जयविलास राजवाड्यात टेबलावर ब्रँडी आणि सिगार फिरवायची आणि पाहुण्याने बाटली उचलली की आपोआप थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. तुमच्या बैलगाडीला जमत होतं का हे?

बरं पण ताईंना माझ्याकडून एक खास प्रश्न, तुमच्या आणि आमच्या दोन्ही घरांचा. सयाजीरावांच्या इंदिराराजेंची सोयरीक आमच्या माधवराव शिंद्यांशी ठरली होती. माधवराव वयाने बरेच मोठे, त्यांचं एक लग्न झालेलं. १९११ च्या दिल्ली दरबाराला सगळी राजघराणी जमली, तिथे इंदिराराजेंची कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी गाठ पडली आणि झालं. ह्या मुलीने काय करावं, आईबापांना न विचारता सरळ माधवरावांना पत्र टाकलं की मी हे लग्न करणार नाही. बडोद्यात लग्नाची तयारी चाललेली, आणि ग्वाल्हेरहून तार आली की राजकन्येच्या ह्या पत्राचा अर्थ काय समजायचा. तोवर घरात कोणाला पत्ताच नाही! शेवटी १९१३ ला लंडनमध्ये जितेंद्रांशी लग्न लागलं, आईवडील काही गेले नाहीत. आणि लग्नानंतर थोड्याच आठवड्यांत थोरले भाऊ वारले, म्हणून जितेंद्र कूचबिहारचे महाराज झाले. ह्याच जोडप्याची मुलगी गायत्रीदेवी, त्या पोपटवाल्या.

आमच्या माधवरावांनी पुढे दुसरं लग्न केलं, मुलं झाली, आणि मुलांची नावं ठेवली जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे. खरंच. इंग्लंडच्या राजाराणीवरून. हा पण प्रश्न ठेवा हवं तर, आम्ही हसून घेऊ.

पण खरी मजा पुढेच आहे. मोडलेली ही सोयरीक शेवटी जमली! १९९४ ला. ज्योतिरादित्य शिंदे म्हणजे त्या माधवरावांचे पणतू, आणि त्यांच्या पत्नी प्रियदर्शिनीराजे बडोद्याच्या गायकवाडांच्या, संग्रामसिंहांच्या कन्या, म्हणजे सयाजीरावांच्या खापरपणती. ऐंशीएक वर्षं उशीर झाला, पण ग्वाल्हेरच्या घरात बडोद्याची मुलगी आलीच.

दांडियाबाजारची_सून
अय्या, हे शेवटचं मला अजिबात माहीत नव्हतं. प्रियदर्शिनीराजे आपल्याकडच्या हे माहीत होतं, पण मागचं हे पत्राचं प्रकरण कुठे जोडता आलं नव्हतं. हा फायनल राउंडला. फक्त पणतू खापरपणती फळ्यावर काढून दाखवावं लागेल, नाहीतर काका आहेतच.

ते दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज इंग्लंडच्या राजाकडे पाठ फिरवून आले ते हेच ना १९११ चं? ते पक्कं आहे का, की ऐकीव?

जुनं_बडोदं
तोच दरबार. एकाच कार्यक्रमात बापाने इंग्रजांना नाराज केलं आणि मुलीने शिंद्यांना. इंदिराराजेंच्या आई चिमणाबाई महाराणींची काय अवस्था झाली असेल!

पक्कं आहे, आणि ह्याला पुरावा म्हणजे चित्रफीत आहे, त्या काळी इंग्लंडच्या थेटरांत दाखवली गेली. नियम असा की राजेलोकांनी दागिने घालून यायचं, पंचम जॉर्जसमोर तीनदा झुकायचं आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत जायचं. महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात आले, एकदा झुकले आणि वळून चालू पडले. इंग्लिश पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. मग महाराजांनी व्हॉइसरॉयला पत्र लिहून सांगितलं की मी गोंधळलो, अपमान करायचा हेतू नव्हता. आता मुद्दाम केलं की खरंच गोंधळले ह्यावर शंभर वर्षं वाद चाललाय, तो तुमच्या गणपतीत मिटणार नाही. माझं मत विचाराल तर १८८१ पासून राज्य चालवणारा माणूस एका नमस्काराला गोंधळेल हे मला पटत नाही. पण म्हणून शाळेच्या पोरांना "त्यांनी मुद्दाम अपमान केला" असं ठोकून सांगू नका.

एक गोष्ट सांगतो, थोडी काळी आहे पण पोरांना असलंच आवडतं. १८७४ ला मल्हाररावांच्या वेळी इथला रेसिडेंट (इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअर, ह्याच्या रोजच्या पपनसाच्या सरबतात विष निघालं, सोमल आणि म्हणे हिऱ्याची पूड. मारायचं तर मारायचं, पण हिरा घालून, शेवटी संस्थानच बडोद्याचं! मल्हाररावांवर आळ आला. त्यांनी बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामी वकील आणवला. चौकशीला सहा जण बसवले, तीन इंग्रज आणि तीन हिंदुस्थानी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव (लष्करवाले, तुमचेच माजी दिवाण). इंग्रज म्हणाले दोषी, हे तिघे म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन-तीन. मग सरकारने विषाचं सोडून दिलं आणि गैरकारभाराचं कारण लावून मल्हाररावांना मद्रासला पाठवलं. त्याच धामधुमीत थोडे महिने इथे दिवाण कोण होतं माहितीये? दादाभाई नौरोजी. हा प्रश्न मोठ्यांनासुद्धा येणार नाही, लावा पैज.

आणि मल्हारराव गादीवरून गेले म्हणून खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतला, म्हणून कवळाण्याचा गोपाळराव, म्हणून सयाजीराव. तुम्ही वर ज्या गोष्टीला सगळ्यांना पाठ म्हणताय ती ह्या सरबताच्या पेल्यातून निघालेली आहे.

सोन्याच्या तोफेबद्दल एवढंच, की आधी खंडेरावांनी चांदीच्या करवल्या, मग धाकट्या भावाने सोन्याच्या. ह्यापलीकडे त्यात काही नाही, उगाच लांबवू नका. त्याऐवजी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं विचारा, आत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. तिथे रोज पेपर वाचायला जाणाऱ्यांतले कितीजण वर बघतात कोण जाणे. सयाजीरावांचे भाऊ संपतराव, त्यांनी आपली वीसेक हजार पुस्तकं ह्याच लायब्ररीला देऊन टाकली. ह्यावर टाळ्या पडणार नाहीत, तरी विचारा.

राजवाड्यासमोरचा_इंदुरी
शिंदे आले, गायकवाड आहेत, मग होळकरांना कोण विचारणार? १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागीदारी ५७७, चौथ्या विकेटसाठी फर्स्टक्लासमधला रेकॉर्ड अजून तोच आहे. बडोदा ७८४, आम्ही २०२ आणि १७३. एक डाव ४०९ रन. ह्याच्यावर आम्ही बोलत नाही.

पण त्याच्या आदल्या वर्षीची फायनल कोणी जिंकली हे पण विचारा. होळकरने, बडोद्यालाच हरवून, ५६ रननी.

मांडवीचा_बोका
इंदुरी दादा, ५६ रन आणि एक डाव ४०९ रन हे सारखंच झालं नाही का, दोन्हीला विजयच म्हणतात :)

ताई, ते ७८४ वजा २०२ वजा १७३ पोरांकडून करून घ्या, येतं बरोबर ४०९.

सेवउसळ_तरी_जास्त
आत्ताच्या पिढीचं कोणी काहीच टाकलं नाही. मीच टाकतो. फत्तेसिंहराव महाराज, ज्यांना क्रिकेटवाले जॅकी बडोदा म्हणायचे, रणजी खेळले, खासदार झाले, १९६३ ला तेहतिसाव्या वर्षी बीसीसीआयचे अध्यक्ष झाले, १९५९ ला इंग्लंडला टीम घेऊन गेले मॅनेजर म्हणून आणि वर रेडिओवर कॉमेंट्री पण करायचे. म्हणजे क्रिकेटमधलं सगळं करून झालं, फक्त अंपायरिंग राहिलं. त्यांचे धाकटे बंधू रणजितसिंह, ते पण खासदार, पण जीव चित्रकलेत आणि गाण्यात, ते २०१२ ला गेले. आत्ताचे समरजितसिंह रणजी खेळलेत, गोल्फ खेळतात, आणि नवरात्रात राजवाड्यावर गरबा असतो तो तर आपण सगळेच जाऊन आलोय.

आणि त्यांच्या पत्नी राधिकाराजे वांकानेरच्या, लग्नाआधी पत्रकार होत्या. त्यांचे वडील डॉ. एम. के. रणजितसिंह, राजघराण्यातले असून आयएएस झाले, १९७२ चा वन्यजीव कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा हात. आसामकडच्या बारशिंग्याच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलंय, "रणजितसिंही". माझा प्रश्न असा आहे: कोणत्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात आपल्या महाराणींचं माहेर लपलंय? गुजराती मंडळींना हा नक्की आवडेल, वांकानेर त्यांच्याकडचं.

रिटायर्ड_लोको
प्राण्यांवरच गाडी आलीय तर मग हा खरं की खोटंमध्ये टाका: सयाजीराव १९४७ साली इंग्लंडमध्ये सेंट लेजर शर्यत जिंकले.

सगळे आजोबा एका सुरात खोटं म्हणणार, महाराज १९३९ ला गेले म्हणून. खरं आहे. प्रतापसिंहरावांनी २८,००० गिनी मोजून घोडा घेतला होता, १९४५ ला, तेव्हा एवढ्या लहान घोड्याला तेवढी किंमत कोणी दिली नव्हती, आणि त्याला नाव दिलं आजोबांचं, सयाजीराव. तो जिंकला. दुसऱ्या वर्षी त्यांचाच माय बाबू नावाचा घोडा टू थाउजंड गिनीज जिंकला, पण त्याच्यावर प्रश्न काढू नका, गुजराती मंडळींना ते कोणाचे तरी बापूजी वाटतील आणि क्विझ तिथेच अडकेल.